अंजिरी लुगड्यावरचा सफेता

आमच्या घरात काही साठून राहिलेलं आईला खपत नसे. डबा रिकामा झाला की तो घासून उन्हात पालथा, सण संपला की तोरण उतरवून परसात, कॅलेंडरचं पान उलटलं की फाडून चुलीत. वडील नांदगावच्या शाळेत मास्तर. जुन्या उत्तरपत्रिका तेवढ्या त्यांनी भांडून माळ्यावर ठेवून घेतल्या होत्या. मी सातवी-आठवीत असताना किराणामालाच्या पुड्यांचे कागद सरळ करून त्यांतल्या नटनट्यांची चित्रं कापून ठेवायचे. पुडीच्या घड्यांनी सुरकुतलेले, तेलकट चेहरे होते ते, पण माझा त्यांच्यावर फार जीव. एका शनिवारी शाळेतून आले तर आईने त्या चित्रांवर न्हाणीची चूल पेटवली होती. मी रडून गोंधळ घातला. आईला खरंच कळेना की मुलगी कशासाठी रडते आहे. तिने मला गरम पाण्याने आंघोळ घातली आणि डोक्याला तेल लावलं.

पुढे मी याच गोष्टीचा अभ्यास करायला लागले, हे आईच्या दृष्टीने माझं सूड उगवणंच होतं.

मुंबईत समाजशास्त्रात एम. ए. झाले आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला संशोधनासाठी नाव नोंदवलं. माध्यमं म्हणजे वर्तमानपत्र आणि रेडिओ, फार तर सिनेमा, असं मानण्याचा तो काळ. टीव्ही आमच्या तालुक्यात नुकता कुठे कुठे दिसू लागला होता. मी विषय घेतला चाहत्यांचा. माणसं कुणावर तरी जीव लावतात, आणि मग त्याच्या वस्तू जमवतात, ते का आणि कसं. माझे मार्गदर्शक विद्वान आणि सौम्य माणूस. पण सौम्य माणसाची कुचेष्टा जास्त लागते. ते म्हणाले, विषय हलका आहे, तेव्हा काम जड करा. मी काम जड करण्यासाठी जिल्ह्यात परत आले. मुंबईच्या चाहत्यांवर कुणीही लिहील, मला माझ्या गावची माणसं हवी होती.

पहिलं वर्षभर मला हवी तशी माणसं भेटत गेली. कणकवलीचा एक सलूनवाला, त्याच्या आरशाच्या चौकटीत एकाच नटीचे इतके फोटो, की गिऱ्हाईकाला स्वतःचं तोंड दिसायला मान वाकडी करावी लागे. खारेपाटणचे एक पोस्टातले गृहस्थ परदेशी रेडिओ केंद्रांना पत्रं लिहून त्यांची रंगीत पोचकार्डं जमवत. त्यांना त्या केंद्रांच्या भाषा येत नव्हत्या, खरखर तेवढी समजायची. ही माणसं आपलं जमवलेलं दाखवायला उत्सुक असत. चहा येई, मग आल्बम येई. मी टेपरेकॉर्डर लावून बसे आणि मनात म्हणे, अगदी पुस्तकात लिहिलंय तसं. संग्रह म्हणजे रचून ठेवलेलं आणि दाखवायचं, असं माझे मार्गदर्शक सांगायचे. मला ते पटलं होतं.

मग मी आरोंद्याला मावशीकडे गेले. अभ्यासासाठी नव्हे, चार दिवस राहायला.

ही आईची आतेबहीण, पण दोघी लहानपणी एकाच घरात वाढल्या, म्हणून माझी सख्खी मावशीच. खाडीच्या काठाला तिचं घर, पुढे शेणाने सारवलेलं खळं, मागे माडांची एक ओळ. काका मुंबईला गोदीत नोकरीला. गणपतीला येत, मे महिन्यात येत, येताना तिला एक लुगडं आणत. मावशी कमी बोलणारी. हसायची ती तोंडाने नव्हे, खांद्यांनी. त्या दिवशी तिला ट्रंकेला उन्हं द्यायची होती, म्हणून आम्ही दोघींनी पत्र्याची ट्रंक ओढत खळ्यात आणली. उघडल्यावर डांबरगोळ्यांचा आणि सुकलेल्या सुरंगीच्या गजऱ्यांचा वास आला. आत लुगड्यांच्या घड्या होत्या. सगळी चांगली, काही तर भारी, आणि प्रत्येकाच्या पदराला डाग. पांढरट, मध्ये कुंकवाची लाली, कडेला काजळाचं बोट ओढल्यासारखं.

मी विचारलं, ही धुतली का नाहीत. मावशी म्हणाली, देवाच्या रात्रीची आहेत, धुवायची नसतात.

वाडीतही सगळ्यांचा असाच समज होता. खरी गोष्ट निराळी होती, आणि ती मला पुढच्या दोन दिवसांत थोडी थोडी कळत गेली. मार्गशीर्षात गावच्या देवळाची जत्रा. जत्रेला दशावतार, आमच्याकडे त्याला धयकालो म्हणतात, कारण रात्रभर नाटक चालून सकाळी दह्याचा काला वाटून ते संपतं. कंपनी दुपारी गावात येते, मंडळी दोन-दोन, तीन-तीन करून घरोघर जेवतात. बाईचं काम करणारा पुरुष, त्याला स्त्रीपार्टी म्हणायचं, तो मावशीच्या घरी जेवायला असे. कंपनीच्या पेटाऱ्यातली लुगडी वापरून विटलेली. म्हणून पहिल्या वर्षी त्याने मावशीच्या सासूकडे एखादं बरं लुगडं मागितलं. सासूने सुनेला सांगितलं. मावशीने काकांनी आणलेलं नवंकोरं काढून दिलं, जे तिने स्वतः अजून अंगाला लावलं नव्हतं. त्या रात्री राणी झालेला तो नट त्या लुगड्याच्या पदराने डोळे पुसून रडला आणि त्याच्या तोंडावरचा पांढरा रंग, सफेता, पदराला लागला. सकाळी घडी परत आली. मावशीने ती तशीच ठेवली.

दुसऱ्या वर्षी मावशीने न मागताच लुगडं काढून ठेवलं. मग ती रीतच पडली. नवऱ्याने आणलेलं लुगडं पहिल्यांदा नेसायचा तो नाटकवाला, आणि ते पुन्हा कुणी नेसायचं नाही. वाडीतल्या बायका तिला चिडवत, तुझी सवत यंदा कुठल्या रंगाचं नेसणार म्हणून विचारत. मावशी खांद्यांनी हसे. काकांना हे माहीत होतं की नाही, मी विचारलं नाही. ते दर वर्षी निमूटपणे लुगडं आणत, आणि रंग विचारून आणत, एवढं खरं.

मी अर्थातच हरखून गेले. चाहती शोधत जिल्हाभर हिंडत होते आणि ती माझ्या मावशीच्या रूपात घरातच बसली होती. पण माझ्या पुस्तकांतलं काही तिला लागू पडेना. ती वर्षातून एकच नाटक बघायची, आपल्या गावचं. शेजारच्या गावी तीच कंपनी आली तरी जायची नाही. त्याचा फोटो तिच्याकडे नव्हता. त्याच्याशी ती बोलली असेल ती एवढीच, की आणखी भात वाढू का. आणि संग्रह ती कुणाला दाखवत नव्हती. मला दाखवला तोही ट्रंकेला उन्हं द्यायची म्हणून.

मग तिने मला डाग वाचून दाखवले. याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली, पण बोलणं ज्याचं त्याने उभ्या उभ्या रचायचं. त्यामुळे राणी दर वर्षी रडे, पण दर वर्षी निराळं बोलून रडे. मावशी एक घडी उलगडायची, डागावर बोट ठेवायची आणि त्या वर्षी तो काय बोलला ते सांगायची. एरवी घरात मालवणीत बोलणारी ही बाई नाटकातली शुद्ध, वजनदार मराठी बोलू लागायची, त्याच्याच ठेक्यात. हिरव्या लुगड्याची राणी राजावर रागावलेली होती. जांभळ्या लुगड्याची दमलेली होती, तिने राजाला फक्त पाणी मागितलं. मी टेपरेकॉर्डर काढला तर मावशी गप्प झाली. पेटीत घातलं की मग मी कशाला, असं काहीसं म्हणाली. मी पेटी परत पिशवीत टाकली. मला रागच आला होता तिचा, पण मावशीवर रागावून दाखवायची सोय नव्हती.

अगदी तळाला एक अंजिरी लुगडं होतं, रुईफुलाच्या काठाचं. ते तिने उलगडलं नाही.

कुडाळच्या बाजूला एका वाडीत तो नट राहतो, असं कळलं म्हणून मी त्याला भेटायला गेले. कंपनी सोडून त्याला काही वर्षं झाली होती. सुपारीच्या छोट्या बागेत पाणी लावत होता. केस बारीक कापलेले, हात मोठे आणि ओबडधोबड. हे हात रात्री राणीचे होत असत, हे त्याच्याकडे बघून खरं वाटेना. माणूस आनंदी होता. जुन्या कंपनीवर, मालकावर, वाटेत चिखलात बसलेल्या गाड्यांवर भरभरून बोलला. आरोंद्याचं घर त्याला आठवत होतं, तिथली तिरफळं घातलेली बांगड्याची कढी तर फारच. मी त्याला हिरव्या आणि जांभळ्या लुगड्याच्या वर्षी तो काय बोलला होता ते म्हणून दाखवलं, मावशीने सांगितलं तसं. तो कौतुकाने ऐकत राहिला, दुसऱ्या कुणाचं ऐकावं तसं. आणि म्हणाला,

"माका काय एक आठवणा नाय. रात्री बोललेला सकाळी धयासांगाती वाटून टाकूचा. सांभाळून ठेवलंय तर दुसऱ्या गावात काय बोलू?"

बोलणं सुचायचं कुठून, असं मी विचारलं. तो म्हणाला, जेवायला बसतो त्या घरातून. दुपारी ओटीवर बसून कान उघडे ठेवायचे. त्या घरात ज्याचं दुखतंय ते रात्री राणीच्या तोंडी घालायचं. नाव घ्यायचं नाही, खूण तेवढी ठेवायची. ज्याचं असेल त्याला बरोबर कळतं आणि बाकीच्यांना कथा कळते. खाल्लेल्या अन्नाला एवढं तरी करायला हवं, असं त्याचं म्हणणं.

परत येताना एसटीत माझ्या डोक्यात ते न उलगडलेलं अंजिरी लुगडं घर करून होतं.

मावशीला एक मुलगी होती. हे मला माहीत होतं आणि नव्हतंही. मी शाळेत होते तेव्हा ती पाच-सहा वर्षांची तापाने गेली. त्यानंतर आमच्या घरात तिचा विषय कुणी काढला नाही. मावशी आमच्याकडे आली की आई आम्हा भावंडांना आधी बजावायची, की काही विचारायचं नाही, तिच्यासमोर लहान मुलींचे लाड करायचे नाहीत. आम्ही ते इतकं पाळलं, की ती मुलगी होती हेच आम्हाला आठवेनासं झालं.

मी पुन्हा आरोंद्याला गेले तेव्हा नटाचं म्हणणं मावशीला सांगितलं. त्याला काही आठवत नाही हे ऐकून तिला वाईट वाटेल अशी माझी भीती होती. तिला वाईट वाटलं नाही. तिने ट्रंक उघडली आणि अंजिरी घडी मांडीवर घेतली. मुलगी गेली त्याच वर्षीची जत्रा होती ती. सासू म्हणाली होती, यंदा जेवायला कुणाला बोलवू नको, पण मावशीनेच रीत मोडू दिली नाही. दुपारी ओटीवर सासू त्या नटाजवळ बसून नातीचं बोलत होती, आणि मावशी आतून ऐकत होती. मुलीला वहाणा उलट्या पायांत घालायची खोड होती, कितीदा सांगितलं तरी. रात्री कथेतली राणी वनात एकटी उभी राहून लेकीसाठी रडली. तिचं बोलणं मावशीने मला म्हणून दाखवलं.

"माझी राजकन्या उलट्या पायांत वहाणा घालून दारात उभी राहायची. आज वहाणा सरळ आहेत, आणि दारात कुणी नाही."

एवढं बोलून तो बराच वेळ पदर डोळ्यांना लावून उभा राहिला, म्हणून हा डाग सगळ्यांत मोठा. सकाळी लुगडं परत देताना तो ओशाळून म्हणाला, वयनी, डाग पडलो. मावशीने ते तसंच ट्रंकेच्या तळाला ठेवलं. मला ती म्हणाली,

"तिचा नाव काडूक कोणी धजणा नाय. तेना पण नाव घेवक नाय, पण सगळ्या गावासमोर ती होती. हो डाग बघितलंय की ती आसा, असा वाटता."

घरात त्या मुलीची एकही वस्तू नव्हती. फोटो काढायचा राहून गेला होता. होता तो हा डाग.

माझे मार्गदर्शक संग्रहाचे फोटो हवेत म्हणून मागे लागले होते. मावशीच्या काळोख्या घरात माझ्या साध्या कॅमेऱ्याने काही येत नव्हतं, आणि खळ्यात सगळ्या वाडीदेखत फोटो काढायला किंवा अनोळखी फोटोवाला घरात आणायला तिची तयारी नव्हती. मी म्हटलं, एखादं हिरवं-जांभळं दे, कणकवलीच्या स्टुडिओत फोटो काढून चार दिवसांत परत आणते. तिने बराच विचार केला आणि अंजिरीच दिलं. "ह्यां घेऊन जा. तिचो फोटो तरी होयत," असं म्हणाली. ते ऐकून मला एकदम रडू आलं. वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरी बांधून ते मी सावंतवाडी, कणकवली करत मांडीवर धरून नांदगावला आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टुडिओची वेळ ठरवायला कणकवलीला गेले. फोटोवाला दुपारपर्यंत आलाच नाही. संध्याकाळ व्हायला मी घरी आले तेव्हा मागच्या दोरीवर, सावलीला, अंजिरी लुगडं वाळत होतं.

आईने माझी पिशवी उपसली होती, जशी ती मी मुंबईहून आले की नेहमीच उपसायची. कागदाच्या गुंडाळीत बहिणीचं लुगडं निघालं. मी आरोंद्याहून आले होते, तेव्हा ते बहिणीचंच हे तिने ओळखलं, आणि पदराला हा एवढा डाग. तिला वाटलं, लेकीने मावशीचं चांगलं लुगडं मागून नेलं आणि खराब करून ठेवलं. असं कसं परत द्यायचं? आणलेलं भांडं घासून द्यावं, आणलेलं लुगडं धुऊन द्यावं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. डाग तेलकट होता, म्हणून आधी बेसन चोळून ठेवलं. मग रिठ्याच्या पाण्यात भिजवलं, मग लिंबू. डाग हट्टी होता, दुपारभर तिने त्याच्याशी झुंज घेतली. मला ती हे अभिमानाने सांगत होती. रिकामं लुगडं परत द्यायचं नसतं, म्हणून वर ठेवायला खण आणि नारळसुद्धा काढून ठेवला होता.

मी आईला काय काय बोलले ते आठवत नाही. ओरडले खूप. न्हाणीच्या चुलीतल्या चित्रांपर्यंत गेले. माझा प्रबंध, माझं एक वर्ष, सगळं बाहेर काढलं. आई उभी राहून ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, "त्या डागात असा काय होता गो?" मी सांगितलं. वहाणांचं सांगितलं, राणीचं सांगितलं. वडील ओटीवर वर्तमानपत्र वाचत होते, त्यांच्या पान उलटण्याचा आवाज थांबला. आई दोरीजवळ गेली, पदर हातात घेऊन बघत राहिली. त्या रात्री ती जेवली नाही.

सकाळी मी उठले तर आई तयार होऊन बसली होती. घडी केलेलं लुगडं पिशवीत, वर खण, नारळ. मीच धुतलंय, मीच नेऊन देते, असं म्हणाली. मला एकटीला मावशीसमोर जायचं धाडस नव्हतंच.

सावंतवाडीपर्यंत आई खिडकीबाहेर बघत होती. पुढच्या गाडीत बसल्यावर माझ्याकडे न बघता बोलू लागली. मुलगी गेली तेव्हा आईच आरोंद्याला धावली होती. घरात बायका म्हणाल्या, पोरीच्या वस्तू नजरेला पडल्या की आईचं रडं थांबणार नाही. मग आईने एका दुपारी, बहीण निजली असताना, मुलीचे फ्रॉक, बाहुली, वहाणा, सगळं गोळा करून गाठोडं बांधलं आणि पलीकडच्या वाडीत देऊन टाकलं. घर झाडून स्वच्छ केलं. तेव्हा सगळ्यांनी तिची वाहवा केली होती. "तेव्हा पण मीच," एवढं बोलून ती पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली. मी तिचा हात धरला. त्या क्षणी मला आईची इतकी दया आली, की प्रबंध खाडीत बुडाला असता तरी चाललं असतं.

प्रबंध बुडाला नाही, हे इथेच सांगून टाकते. चाहत्यांच्या वस्तूंवरच्या प्रकरणात मी हिरव्या आणि जांभळ्या लुगड्याबद्दल लिहिलं. जिथे बोलणं टिकवण्याची सोय नसते, तिथे माणसं ते कशावर तरी टिकवतात, असं काहीसं. मार्गदर्शकांना ते प्रकरण सगळ्यांत आवडलं. फोटो का नाही, असं त्यांनी विचारलं, मी म्हटलं, घर काळोखं होतं. अंजिरीचा त्यात उल्लेख नाही.

मावशी खळ्यात वाळत घातलेली कोकमाची सोलं उलटत बसली होती. आम्हा दोघींना बघून तिला आनंद झाला, मग आईचा चेहरा बघून ती उठली. आईने पायसुद्धा धुतले नाहीत. मावशीला ओटीवर शेजारी बसवून पिशवीतून लुगडं काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, मी धुतलं, मला माहीत नव्हतं. एवढंच. खण-नारळ तिने पिशवीतच राहू दिला.

मावशीने पदर शोधून काढला. त्यावर बोट फिरवलं, जिथे डाग असायचा तिथे. कापड तेवढं थोडं पिवळसर आणि मऊ झालं होतं. तिने ते नाकाला लावलं, रिठ्याचा वास आला असणार. मग तिने पदर मांडीवर नीट पसरला. मला वाटलं, आता ही रडेल, किंवा उठून आत जाईल आणि पुन्हा आमच्याशी बोलणार नाही. शेवटी ती आईला म्हणाली,

"बरा धुतलंस. आता तूच सांग."

"काय सांगू?"

"माझ्या चेडवाचा. तेका माझ्यापेक्षा तुझोच लळो जास्त. सांग, काय काय करायचा."

आई गोंधळून माझ्याकडे बघू लागली. आयुष्यभर जो विषय झाकून ठेवला, तो कुठल्या टोकाला धरून उघडायचा हे तिला समजेना. मग तिने नाव उच्चारलं. इतक्या वर्षांत मी ते नाव पहिल्यांदा ऐकत होते. ते मी इथे लिहीत नाही, ते त्या दोघींचं आहे.

आधी ती अडखळत बोलली, मग बोलतच सुटली. मुलगी टोपाला लागलेली खरवड मागायची आणि ती कुणाला न देता दाराआड उभी राहून खायची. होडीवाल्याला मामा म्हणायची, आणि तो दिसला नाही तर काठावर उभी राहून त्याला शिव्या घालायची. फणसाची आठळी गालात धरून निजायची. एकदा नांदगावला आली होती तेव्हा माझ्या वडिलांच्या चष्म्यातून सगळ्या घराकडे बघत हिंडली आणि उंबऱ्यावर आपटली. मावशी मध्येच तिला दुरुस्त करत होती. ती आठळी नव्हे, सुपारीचं खांड होतं. आपटली ती उंबऱ्यावर नव्हे, पायरीवर. आई म्हणे, उंबराच. दोघी वहाणांपर्यंत आल्या. आईने आपल्या पायांतल्या चपला काढून, उलट्या घालून ओटीवर चार पावलं टाकून दाखवली. माझी पन्नाशीला आलेली, टापटिपीची आई. मावशी खांदे हलवून हसत होती, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. टेपरेकॉर्डर माझ्या पिशवीत होता. तो काढावा असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

आई तिच्याजवळ येऊन बसली. तीही आता रडत होती, आणि रुमाल सापडेना म्हणून जे हाताला लागलं त्याने तिने डोळे पुसले, नाक पुसलं. मग हातात काय आहे ते तिच्या ध्यानात आलं. अंजिरी लुगड्याचा पदर. काजळ, कुंकू, सगळं त्याला लागलं होतं. ती ओशाळली, आणि हात पुढे करून म्हणाली, दे, पटकन पाण्यातून काढते.

मावशीने लुगडं ओढून छातीशी धरलं.

"आता हात लाव बघूया," ती म्हणाली, आणि घडी घालून ट्रंकेकडे गेली.